हातगुण नव्हता, तारांची शिडी होती

दत्तू, तुझ्या शोकसभेत मी भांडले.

तेरावा नुकताच झाला होता, डोळे सुजलेले होते, आणि तरीही वाचनालयाच्या भरलेल्या दिवाणखान्यात उभी राहून मी म्हणाले की हे साफ खोटं आहे. कन्याशाळेची हेडबाई असल्यामुळे चारचौघांत बोलायची मला सवय आहे. पण भाऊ गेलेल्या बाईने शोकसभेत पदराने डोळे टिपायचे असतात, हरकत घ्यायची नसते, हे समोरच्या बऱ्याच चेहऱ्यांवर मला स्वच्छ वाचता येत होतं. वाचलं आणि बोलत राहिले.

कारण काय, ते ऐक. अध्यक्ष अर्थातच आपले रावसाहेब. करजण तालुक्याची वहिवाटदारी सोडून त्यांना इतकी वर्षं झाली तरी अजून बसतात ते कचेरीत बसल्यासारखेच. तुझ्याबद्दल ते चांगलं बोलले, हे कबूल करते. विद्वान, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा, गल्लीला जगाचा आवाज ऐकवणारा, सगळं म्हणून झालं. आणि मग त्यांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मास्तरांनी अंथरूण धरलं त्याच आठवड्यापासून वाचनालयाच्या रेडिओने परदेशची केंद्रं धरणं सोडलं. मुंबई तेवढी लागते. यंत्रालाही वियोग कळतो, मंडळी! तो मास्तरांचा हातगुण होता. तो त्यांच्याबरोबर गेला." लोकांनी माना डोलावल्या. मागे कुणीतरी हुंदका दिला. मग रावसाहेबांनी ठराव मांडला की रेडिओ बंद करून काचेच्या कपाटात ठेवावा, वर तुझी तसबीर लावावी आणि दर पुण्यतिथीला हार घालावा.

हातगुण! तू वैदू होतास की पंचाक्षरी? ज्या माणसाने सगळा जन्म 'का' आणि 'कसं' विचारण्यात घालवला, त्याच्या तसबिरीखाली हे लोक चमत्कार लिहिणार होते. आणि तो रेडिओ मुका का झाला हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. यंत्राला वियोग झाला नव्हता. तू तापात असताना रावसाहेबांनी तुझी शिडी उतरवली होती आणि तिच्या जागी पिळाची वायर लावली होती.

तुला शिडीबद्दल मी काय सांगणार, पण मला ते पुन्हा एकदा म्हणायचंच आहे. वाचनालयाच्या शेजारी पिठाची गिरणी. तिची मोटर सुरू झाली की रेडिओत भजी तळल्यासारखा आवाज. म्हणून तू एरियल पार मागे नेऊन चिंचेवर बांधलंस, गिरणीच्या कटकटीपासून लांब. पण मग चिंचेपासून रेडिओपर्यंत ते सगळं आणायचं कसं? तर दोन उघड्या तांब्याच्या तारा, एकमेकींपासून वीतभर दूर, आणि त्या दूरच राहाव्यात म्हणून मध्ये जागोजागी लाकडाच्या काड्या. गल्लीवरून ती आडवी गेलेली दिसायची ती अगदी शिडीसारखीच. काड्यांनी पाणी पिऊ नये म्हणून तू त्या मेणात उकळल्यास, आणि त्यासाठी तुला माझंच दुधाचं पातेलं सापडलं. किती वेळा घासलं तरी त्या पातेल्यातल्या दुधाला मेणाचा वास येतो. मी तुला त्याबद्दल अजून माफ केलेलं नाही.

रावसाहेबांचा आणि शिडीचा उभा दावा. तुझा दोष नव्हता असं मी म्हणणार नाही, मेलेल्या माणसाबद्दलही नाही. संक्रांतीला, उत्तरायणाच्या दिवशी त्यांचा पतंग शिडीत अडकला तेव्हा त्या म्हाताऱ्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. सावकाश सोडवून द्यायचा होतास. तू वर चढलास, कात्रीने पतंगाचे दोन तुकडे केलेस आणि खाली येऊन त्यांच्या हातात दिलेस. वर काय म्हणालास? "पतंग बाजारात मिळतो रावसाहेब, शिडी मिळत नाही." ते म्हणाले, "अरे मग सरळ पिळाची वायर लाव ना, दिव्याला लावतात तशी. नळीतून नेली की दिसणारही नाही." आणि तू, सगळ्या गच्च्यांवर माणसं उभी असताना, म्हणालास, "ती बुटाची नाडी तुमच्या दिव्यालाच ठेवा." लोक हसले. तू खूश झालास. मी तेव्हाच म्हणाले होते की दत्तू, हे तुला महागात पडेल.

घरी आल्यावर आपलं कडाक्याचं वाजलं, आठवतंय? मी म्हणत होते की नाडी का नको, हे त्यांना समजावून सांगायला काय झालं होतं? तू म्हणालास, "अक्का, त्यांना काय कळणार!" तुझ्या या वाक्याचा मला विलक्षण राग होता, अजून आहे. चौथीतल्या माझ्या मुलींना सांगता येत नाही ते तुला स्वतःलाही पुरतं कळलेलं नाही, असं मी म्हणाले. ते तुला झोंबलं. म्हणून त्या रविवारी तू मला अकोट्याला नेलंस.

किती हसलो होतो आपण त्या दिवशी. विश्वामित्री नदी ओलांडून निघालो, तुझ्या खांद्यावर शिडीचा एक तुकडा गुंडाळलेला, माझ्या हातात बॅटरीवरच्या छोट्या रेडिओची पेटी. शेतातल्या एका काकांनी विचारलं, "अरे मास्तर, बेनने लईने मगर पकडवा चाल्या के?" मगर पकडायलाच जणू आपण बहीणभाऊ निघालो होतो. तू म्हणालास, "हा काका, मोटी मगर छे, विलायतनी!" मग झाडाला एरियल बांधलंस, शिडी जोडलीस आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवलास. कुठल्याशा परक्या भाषेत एक बाई गात होती. शब्द कळत नव्हता एकही, पण तिने सम गाठण्याआधी श्वास घेतला तो मला ऐकू आला. माझ्यासारख्या, विसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाने माहेरी परतलेल्या बाईला तेव्हा काय वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. आता सांगते. आपल्याला कुणीतरी एवढ्या लांबचं दार उघडून दिलंय असं वाटलं. ते दार तू उघडलंस, दत्तू. तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत, कारण मग तू आणखीनच शेफारला असतास.

मग तू पंचा पाण्यात बुडवलास आणि दोन तारांभोवती ओला गुंडाळून आवळलास. बाईचा आवाज विहिरीत गेला. पंचा सोडलास, आवाज परत आला. "तार तुटली का अक्का?" तू विचारलंस. "तार तशीच आहे. मग आवाज कुणी खाल्ला?" आणि मग तू सांगितलंस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. दिव्याची वीज सावकाश असते, ती तांब्यातून जाते आणि भोवती काय आहे याची तिला फिकीर नसते. रेडिओच्या विजेचं तसं नाही. ती तांब्याच्या नुसत्या कातडीवरून सरकते आणि तिचा खरा संसार दोन तारांच्या मधल्या जागेत असतो. तिथे हवा असली तर ती सुखाने जाते. तिथे रबर आणि सुती दोरा कोंबला, त्यातून तो ओला, तर ती वाटेतच त्याला ऊब देत संपते. मुंबईची वीज सेकंदाला दहा लाख वेळा हेलकावते, ती तरून जाते. परदेशची शॉर्टवेव्ह हेलकावते कोटी वेळा. जितके हेलकावे जास्त, तितकं वाटेतलं खाणं जास्त.

मी म्हणाले, "हे एवढं सोपं आहे, तर रावसाहेबांना आणून दाखव की हा पंचा." तू पेटी आवरत म्हणालास, "तू आहेस ना, तुला कळलं ना, पुरे." नव्हतं पुरे! ज्ञान एका बहिणीला सांगून भागत नाही. हा आपला वाद तिथेच राहिला. तुझ्या बाजूने तू तो मिटला असं धरलंस, कारण तू उत्तर दिलंस की वाद मिटतो अशी तुझी समजूत होती.

मग भाद्रपदात तुझा ताप निघेना. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. वाचनालयाचा बक्षीस समारंभ जवळ आला होता, बडे साहेब यायचे होते, आणि रावसाहेबांना संधीच मिळाली. धोब्याच्या दोरीसारखी दिसते म्हणून शिडी काढली. चंदुभाई वायरमनकडून पिळाची वायर आणवली, लोखंडी नळीत घातली, नळी भिंतीला लावून घेतली, तिला रंग दिला. वरून पाऊस. नळीत पाणी. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते.

तुला मात्र घरात पडल्या पडल्या कळलं. भेटायला आलेल्या शेजाऱ्याने सहज म्हटलं, "मास्तर, तुमचा रेडिओ रुसलाय. नुसती मुंबई लागते." तू डोळे उघडलेस. तापाने ओठ फुटले होते, तरी हसलास. "अक्का," म्हणालास, "नाडी लावली त्यांनी." मी बाहेर जाऊन पाहून आले. खरंच, गल्लीवरचं आभाळ मोकळं होतं. डॉक्टर नाडी पाहून जे सांगू शकत नव्हते ते तू न पाहता सांगितलंस, आणि मला तुझा इतका अभिमान वाटला की रागही आला नाही.

आणि मग तू जे म्हणालास त्यावर माझा विश्वास बसेना. "रावसाहेबांना बोलाव. या वेळी मी नीट समजावून सांगतो." पतंगाबद्दलही काहीतरी बोलायचं होतं तुला. काय, ते सांगितलं नाहीस. मी निरोप पाठवला. ते आपल्या घरापासून चार घरं पलीकडे राहतात, दत्तू. त्यांचं उत्तर आलं, "समारंभाच्या गडबडीत आहे. मास्तर बरे झाले की सावकाश बोलू." दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, "आले?" मी म्हटलं, येतील. तिसऱ्या दिवशी तू विचारलं नाहीस. पुढे तुला शुद्धच नव्हती.

हे सगळं पोटात घेऊन मी त्या सभेत बसले होते, आणि समोर तो माणूस म्हणत होता, यंत्राला वियोग कळतो! सांग, मी गप्प बसायचं होतं?

मी म्हणाले, "रावसाहेब, रेडिओ दुःखाने मुका झालेला नाही. तुमच्या नळीने तो मुका केलाय." खळबळ उडाली. चंदुभाई मागच्या बाकावर होता, तो दुखावला. भला माणूस आहे, पण आपल्या कामावर बोट ठेवलेलं त्यालाही सोसलं नाही. म्हणाला, "बेन, तार तो एकदम बराबर छे. हमणां बतावूं." आणि शोकसभा चालू असताना त्याने पिशवीतून बॅटरी आणि छोटा दिवा काढला. नळीतल्या वायरीच्या बाहेरच्या टोकाला बॅटरी, रेडिओकडच्या टोकाला दिवा. दिवा झक्कन लागला. "जुओ! लाइट थाय छे ने?" तुझ्या हार घातलेल्या तसबिरीसमोर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण लाजेने नव्हे, संतापाने. दिवा लागला म्हणजे तार चांगली! बैलगाडी गेली म्हणून त्याच वाटेवर चालवा की आगगाडी!

हे मी मोठ्याने म्हणाले. मग दहा लाख हेलकावे आणि कोटी हेलकावे, मधली जागा, ओला दोरा, सगळं सांगितलं, चौथीच्या वर्गात सांगते तसं. कुणी ऐकलं, कुणी खिडकीबाहेर पाहिलं. रावसाहेब म्हणाले, "बाई, तुमचं दुःख आम्ही समजतो." बस्स. बाईने मुद्दा मांडला की तिचं दुःख समजून घ्यायचं आणि मुद्दा तिथेच सोडायचा. मी म्हणाले, "दुःख राहू द्या माझ्याकडे. तोच रेडिओ, तेच एरियल. आधी तुमची नळी, मग दत्तूची शिडी. दोन्ही ऐका आणि मग हवं तर कपाटात ठेवा." ते म्हणाले, शोकसभा ही प्रयोगशाळा नाही. ठराव मात्र त्यांना त्या दिवशी मंजूर करून घेता आला नाही. एवढं मी करून आले.

दुसऱ्या दिवशी दारात कोण? चंदुभाई. घरी जाऊन त्याला झोप लागली नाही म्हणे. "बेन, मास्तर मने पण एक वार कहेता हता, पण ए एटलूं जल्दी बोले के..." तू त्यालाही सांगितलं होतंस, आणि तुझ्या नेहमीच्या सपाट्याने, ऐकणाऱ्याला मागे टाकून. मी त्याला चहा दिला, तुझ्या वतीने जरा ओशाळले, आणि सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. तो ऐकत होता, हातातल्या वायरीचा पीळ सोडत होता, पुन्हा घालत होता. शेवटी म्हणाला, "एटले वच्चेनी जग्या ज असली तार छे?" हो, चंदुभाई. मधली जागा हीच खरी तार. दत्तू, तू गेल्यानंतर त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागली.

तुझी शिडी वाचनालयाच्या मागे पडली होती. काड्या माळ्याने झेंडूच्या रोपांना टेकू म्हणून लावल्या होत्या. मी त्या एकेक उपटून आणल्या, धुतल्या, वाळवल्या आणि पुन्हा मेणात उकळल्या. हो, त्याच पातेल्यात. चंदुभाईने शिडी बांधली, चिंचेवर चढला, एरियलला जोडून दिली. रावसाहेबांनी गच्चीवरून पाहिलं. आडवे आले नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

संध्याकाळी सगळी गल्ली वाचनालयात. केंद्र लावायच्या चकतीला मी हातसुद्धा लावला नाही, नाहीतर लोक म्हणाले असते, बहिणीचाही हातगुण. गिरणीवाल्याला फिरवायला सांगितलं, ज्याने जन्मात रेडिओ लावलेला नाही. आधी नळीतली वायर. मुंबई खणखणीत. शॉर्टवेव्हवर आला, तर नुसती खरखर, आणि तिच्यात कुठेतरी एक बुडालेला माणूस बोलत असावा इतपत. चकती तशीच ठेवली. चंदुभाईने मागचे दोन स्क्रू सोडले, वायर काढली, शिडीची दोन टोकं लावली.

आणि तो माणूस खोलीत आला! इंग्रजीत बातम्या सांगत होता, युरोपातली कसलीशी बोलणी फिसकटली म्हणून. त्याच्या कागदाचं पान उलटल्याचंही ऐकू आलं. मग कुणीतरी ओरडलं, "मास्तर आले!" आणि एकाने चक्क हार शिडीला घालायला उचलला. पाणी शिंपडलेला, ओला हार! मी तो त्याच्या हातातून काढून घेतला. "मास्तर आलेले नाहीत," मी म्हणाले. "मास्तर गेले. त्यांचं बरोबर होतं, एवढंच झालंय." लोकांना ते फारसं आवडलं नाही. चमत्कार काढून घेतला की माणसं हिरमुसतात. पण रेडिओ कपाटात जायचा नाही, आणि तुझ्या नावाला हातगुण चिकटायचा नाही, हे मला त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळलं.

गर्दी पांगली तेव्हा रावसाहेब काठी टेकत माझ्यापाशी आले. म्हातारे दिसत होते. म्हणाले, "बाई, मास्तरांचं खरं होतं. माझं चुकलं. त्यांनी बोलावलं तेव्हा मी यायला हवं होतं."

हे वाक्य ऐकायला मी किती आसुसले होते, तुला काय सांगू! वाटलं होतं, ऐकलं की छाती थंड होईल. झालं भलतंच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हणाले, "मला का सांगता? मला कुठे ऐकायचं होतं? तो चार घरं पलीकडे पडला होता, दाराकडे डोळे लावून. त्याला सांगायचं होतं हे, रावसाहेब. त्याच्या वाटचं मी ठेवून घेणार नाही."

ते गेले नाहीत. चिडलेही नाहीत. काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, आणि अगदी खऱ्या माणसासारखं त्यांनी मला विचारलं, "मग आता कुणाला सांगू, बाई?"

दत्तू, जन्मभर भांडले मी, तुझ्याशी, सासरच्यांशी, शाळाखात्याशी. त्या म्हाताऱ्याचं ते वाक्य मात्र मी न भांडता तुझ्यापर्यंत आणलं आहे.